हिरवी तार कुठे गेली?

टकमकला दोन मोठे डोळे होते, चार चाके होती आणि हवी तेवढी लांब करता येणारी मान होती. हात मात्र एकही नव्हता.

कारखान्यात बसवायचे राहून गेले असतील, असे शाल्मलीला वाटले. तिने त्याला तसे विचारलेही.

"राहिले नाहीत, ताई. मुद्दामच दिले नाहीत," टकमक म्हणाला. "हात असले की बघायच्या आधीच चाचपावंसं वाटतं. विजेपाशी आधी बघायचं असतं."

ही गोष्ट आहे अजून काही वर्षांनी येणाऱ्या काळातली. तेव्हा जुने घर नवे करून घेतले, की राहायला जाण्याआधी टकमकसारखा यंत्रमानव यायचा आणि दृश्य तपासणी (काही न तोडता, कशाला हात न लावता, नुसत्या नजरेने केलेली पाहणी) करायचा. सगळे ठीक असेल, तर त्याच्या छातीवर हिरवा दिवा लागे. नसेल, तर पिवळा. पिवळा दिवा असेपर्यंत धातूची विजेवरची यंत्रे लावायची नाहीत, असा नियमच होता.

शाल्मलीच्या आईबाबांनी कऱ्हाडच्या एका जुन्या वसाहतीतले घर विकत घेऊन नवेकोरे केले होते. उद्या वास्तुशांत होती. शाल्मलीने अख्ख्या वर्गाला आंब्याचे आइस्क्रीम कबूल केले होते, आणि तिचे आबा, म्हणजे आईचे वडील, त्यासाठी स्वतः बनवलेले यंत्र घेऊन आले होते. आबा निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ. यंत्र चकचकीत स्टीलचे, म्हणजे धातूचेच. आता सगळे आइस्क्रीम टकमकच्या छातीवरच्या दिव्यावर येऊन ठेपले होते.

टकमक खोल्याखोल्यांतून फिरला. शाल्मलीही हात पाठीमागे बांधून त्याच्या मागून फिरली. स्वयंपाकघरातल्या एका सॉकेटची कड किंचित तपकिरी झाली होती. आत तार सैल असली की तिथे उष्णता होते आणि प्लास्टिक असे करपते, हे टकमकने सांगितले. दिवाणखान्यात बाबांनी कॅलेंडरसाठी बटणांच्या बरोबर वर खिळा मारला होता. भिंतीतली तार बहुधा बोर्डापासून सरळ वर जाते, म्हणून तिथे खिळा मारू नये. बाबांनी जिभेचे टोक चावले. खिळा तारेला लागलेला नाही ना, हे वायरमन मीटरने तपासणार होता. या गोष्टी त्याच्या तासाभराच्या कामाच्या होत्या.

मग टकमक मुख्य बोर्डापाशी आला. बोर्डाचे दार काचेचे होते. आत घरातल्या साऱ्या हिरव्या तारा एका पट्टीला जोडलेल्या होत्या आणि तिथून एक जाड हिरवी तार भिंतीतून बाहेर गेली होती. टकमक अंगणात गेला. बाहेरची भिंत गुळगुळीत, नुकतीच रंगवलेली. तार कुठेच नव्हती.

पिवळा दिवा लागला.

शाल्मलीचा चेहरा उतरला. एका तारेपायी एवढे काय अडले, असे ती जरा फणकाऱ्यानेच बोलली. आबांनी तिला यंत्राचा प्लग दाखवला.

"किती पिना आहेत?"

"तीन. वरची लांब आणि जाड."

"लांब का?"

तिने दोनदा निरखून पाहिले. "खोचताना ती आधी आत जाईल. आणि काढताना शेवटी बाहेर येईल."

"शाबास. खालच्या दोघींचं काम वीज आणायचं आणि परत न्यायचं. वरची एरवी नुसती पहारा देते. समज, आतली एखादी तार सोलली आणि स्टीलला टेकली. मग सगळं यंत्रच विजेनं भरेल. तू हात लावलास, तर वीज तुझ्यातून जमिनीत जायला बघेल. पण हिरवी तार जमिनीपर्यंत नीट पोचलेली असली, तर विजेला मोकळा रस्ता मिळतो. एकदम इतकी वीज धावते, की बोर्डातलं बटण आपोआप पडतं आणि पुरवठा बंद."

याला अर्थिंग (विजेला जमिनीत सुखरूप उतरवणारी जोडणी) म्हणतात, हेही त्यांनी सांगितले. भिंतीबाहेर ही तार धातूच्या पट्टीला जोडतात आणि ती पट्टी अंगणातल्या एका खड्ड्यात पुरतात. तार अर्ध्यातच तुटली असेल, तर नव्या सॉकेटचे तिसरे भोक नुसते शोभेचे.

शाल्मली पुन्हा भिंतीपाशी गेली. या वेळी ती समोर उभी राहिली नाही. गाल भिंतीजवळ नेऊन तिरके पाहू लागली. रंगाखाली हातावरच्या शिरेसारखा एक उंचवटा खाली उतरत होता. फरशीच्या वीतभर वर तो अचानक संपला होता.

"टकमक, पट्टी रंगाखाली आहे. खाली कापलीये," ती म्हणाली.

टकमकने मान लांब करून पाहिले आणि तो आनंदाने जागच्या जागी एक गिरकी घेऊन थांबला. पण पट्टी जिथे जायची तो खड्डा कुठे? फरशीच्या आतले त्यालाही दिसत नव्हते.

वसाहतीतली सगळी घरे एकाच नकाशाची होती. शाल्मलीने कुंपणावरून शेजारी डोकावले. तिथे नळाजवळ सिमेंटचे एक चौकोनी झाकण होते. घोरपडेकाकू त्याभोवतीच्या पुदिन्याला पाणी घालत होत्या.

"तुमचा खड्डा ना? फरशीखाली गेला तो," काकू म्हणाल्या. "गवंड्याला सांगत होते मी. तो म्हणाला, वहिनींना रांगोळीला सपाट अंगण हवंय. म्हटलं, काढा बाई रांगोळी."

आईने डोक्याला हात लावला. वास्तुशांतीच्या मोठ्या रांगोळीसाठी, मध्ये काही येऊ नये म्हणून, झाकण बुजवायला तिनेच सांगितले होते. ती क्षणभर त्या देखण्या फरशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तांबोळीकाकांना बोलवा. आणि येताना छिन्नी आणायला सांगा."

वायरमन तांबोळीकाका आले. त्यांनी आधी मुख्य स्विच बंद केला, मग बाकीची कामे उरकली आणि फरशी उचकटली. खाली कोळसा आणि मिठाने भरलेला जुना खड्डा होता. ओल टिकली की तिथली माती वीज चांगली वाहून नेते, म्हणून तर शेजारी रोज पाणी पडत होते. काकांनी नवी पट्टी जोडली, मीटर लावून मोजले आणि खड्ड्यावर पुन्हा झाकण बसवले. नजर जिथे थांबते, तिथून पुढे मीटर लागतो, असे टकमक म्हणाला, आणि त्याच्या छातीवर हिरवा दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी अंगणात मोठे कमळ उमलले होते. आईने त्याच्या पाकळ्या झाकणाभोवतीच काढल्या होत्या. झाकण कमळाच्या बरोबर मध्यावर होते. यंत्र गुरगुरत आइस्क्रीम घुसळत होते आणि वर्गातली मुले शाल्मलीच्या मागे घरभर फिरत होती. प्रत्येकाचे हात पाठीमागे बांधलेले.

"आमच्या घरी पण असं झाकण असेल का गं?" कुणीतरी विचारले.

"उद्या बघायला येते," शाल्मली म्हणाली.