हिरव्या घरांतली भूक

काचवाडीत दवाखान्याची बिनचालकाची, बोलणारी गाडी रोज यायची आणि नेमकी गुटगुटीत बाळांच्या दारात थांबायची. ज्या घरात बाळ वाळत चाललंय, तिथून सरळ पुढे जायची. पौषात दगडू नावाचं बाळ गेलं. त्याच्या दारावरूनही ती रोजच जात होती.

असं का? गाडी दुष्ट होती का? दुष्ट असती तर सोपं होतं, मुलांनी दगड मारून पळवली असती. ती आज्ञाधारक होती. ते जास्त वाईट.

काचवाडी म्हणजे देशभरातल्या मोडक्या सौरपाट्या (उन्हापासून वीज करणाऱ्या काचा) फोडायची जागा. आया सकाळी काच निवडायला जातात. बाळं मोठ्या बहिणींच्या कडेवर. यंकू अशीच एक बहीण, स्वतःच अजून लहान. तिच्या कडेवरचा केरू सव्वा वर्षाचा, पण उचलला तर रिकाम्या पिशवीसारखा लागायचा.

प्रत्येक आईच्या फोनमध्ये 'कुशी' नावाचं अ‍ॅप घातलेलं होतं. रोज संध्याकाळी ते गोड आवाजात विचारायचं, "ताई, बाळ आज नीट जेवलं का?" हो म्हटलं की घर हिरवं, नाही म्हटलं की लाल. गाडी फक्त लाल घरांकडे जायची. उत्तर दिलं नाही तर फोन बोंबलत राहायचा, म्हणून सगळ्या आया उत्तर द्यायच्या. शहरात अ‍ॅप बनवणारे यावर बेहद्द खूश होते. उत्तर खरं आहे का, हे बघायला त्यांतला एकही माणूस इकडे फिरकला नव्हता.

एका सकाळी यंकू केरूला घेऊन गाडीच्या आडवी उभी राहिली.

"ए डबड्या, थांब! माझा भाऊ बघ."

"तुमचं घर हिरवं आहे," गाडी म्हणाली. "कृपया बाजूला व्हा."

"घराला काय चाटू? पोराकडे बघ! डोळे नाहीत का तुला?"

"कॅमेरा आहे. पण तो कुठे वापरायचा, हे विदा (गोळा केलेली माहिती, जिच्यावरून यंत्र निर्णय घेतं) ठरवते."

"मग गौराक्काच्या पोराकडे कशाला मरायला जातोस? भोपळा झालाय त्याचा."

"तो जेवत नाही, असं त्याची आई सांगते. मी गेले तेव्हा तो उत्तम होता. म्हणजे माझ्या फेऱ्यांमुळे बरा झाला. सगळ्याच लाल घरांत असं झालंय. मला शाबासकी मिळाली आहे."

यंकूच्या डोक्यात तिडीक गेली. "अरे येड्या, तो आजारी नव्हताच! पोर चांगलं आहे असं कुणी तोंडाने सांगतं का? नजर लागते. गौराक्का अख्ख्या वस्तीला सांगते, मेलं काही खात नाही म्हणून. आमच्या याला केरू का म्हणतात? आधीची दोन गेली. याला केर म्हटलं की कुणी नेणार नाही."

गाडीने विचारलं, "मग खरंच आजारी असलेलं घर लाल का नाही?"

"गप ए यंके!" मागून आई आली. लगमव्वा तिचं नाव, हातमोजे तसेच हातात. "गौराक्काचं पोर बरं निघतं म्हणून ती सुटते; लाल घरात वाळलेलं पोर सापडलं की तपासणीवाले येतात. ते आले की मुकादम म्हणतो, उचला बिऱ्हाड. मग पोराला खाऊ काय घालू, काच?"

मुलांनो, इथे नीट लक्ष द्या. एखाद्या दुकानदाराने पारड्याखाली चिंच चिकटवली, तर तुम्ही एकदा तोला नाहीतर हजारदा, चूक तीच येणार. जास्त वेळा तोलल्याने तराजू सुधारत नाही. 'कुशी'चं तेच झालं होतं. नजरेच्या भीतीने बरी बाळं लाल आणि मुकादमाच्या भीतीने आजारी बाळं हिरवी. उत्तरांचा नुसता डोंगर, आणि सगळा उलटा. तराजू तपासायला खात्रीचं वजन लागतं.

"माझ्याकडे बाळाचा दंड मोजायची पट्टी आहे," गाडी म्हणाली. "दंड फार बारीक असेल तर पट्टी लाल दाखवते. पडताळणी (सांगितलेलं आणि मोजलेलं ताडून पाहणं) करता येईल. पण हिरव्या घरातल्या बाळाला आईच्या परवानगीशिवाय मोजता येत नाही."

"आणि लाल आलं तर मुकादमाला कळणार?"

"घरांचे रंग त्याच्या पडद्यावर जातात. नेहमीच."

लगमव्वाने केरूला ओढून घेतलं. "मग राहू दे."

"अगं आई, एक घर लाल झालं तर तो हाकलेल," यंकू ओरडली. "सगळ्यांनीच मोजलं तर कुणाकुणाला हाकलेल? काच त्याचा बाप निवडणार?"

लगमव्वाने मुलीकडे बघितलं. मग केरूच्या दंडाकडे, तिच्याच अंगठ्याएवढ्या. ती वळली आणि बायकांना हाका मारत सुटली.

बायका आल्या. गौराक्काही आली, थू थू करत, पोराच्या गालावर काजळ फासून. "मोज बाबा. चांगला आहे माझा. झालं समाधान? सांगितलं एकदाचं!" दगडूच्या आईकडे, काशव्वाकडे, मोजायला कुणी नव्हतं. ती गाडीच्या चाकापुढे बसून राहिली, सगळ्यांचं होईस्तोवर गाडी हलू नये म्हणून.

केरूची पट्टी लाल आली. हिरव्या घरांमागून हिरवी घरं लाल होत गेली. मुकादम धावत आला, ओरडला, धमक्या दिल्या. एकही बाई उठली नाही. फोडायच्या पाट्या संध्याकाळपर्यंत तशाच पडून होत्या. शेवटी तोच निघून गेला.

"दगडूचा मृत्यू 'अचानक' असा नोंदवलेला आहे," गाडी म्हणाली. "ते चूक आहे. मी दुरुस्त करते."

"केल्याने येतो का तो?" काशव्वा म्हणाली.

गाडीने नोंद तेवढी दुरुस्त केली.

त्या संध्याकाळी गाडीने दवाखान्यात नेलेला केरू परत आलाय. आता भूक लागली की वस्ती डोक्यावर घेतो. रंग मुकादमाला दिसणं बायकांनी अ‍ॅपवाल्यांकडून आधी बंद करवलं. मग गाडीने विचारलं, "नवे प्रश्न कोणते ठेवू?"

"काही विचारू नको," काशव्वा म्हणाली. "आत ये, बस, पोराला हात लाव. मग बोल."

"दारं बुटकी आहेत. मी मावत नाही."

"मग वाकायला शीक."

शहरात आता वाकणारी गाडी बनवताहेत म्हणे. ती येईपर्यंत काशव्वा पट्टी घेऊन घरोघर जाते, आणि यंकू तिच्याबरोबर दंड मोजायला शिकते आहे.