अठरा त्रिक बेचाळीस

धम्मशीलाबाईंचा कशावर विश्वास असेल, तर तो ताळ्यावर. उत्तर निघालं म्हणजे गणित झालं, असं त्या मानतच नसत. निघालेलं उत्तर परत गणितात घालायचं, दोन्ही बाजू जुळल्या तरच खाली रेघ ओढायची. खडूंचा डबा असो की खिचडीच्या ताटल्या, बाई मनातल्या मनात ताळा करून बघत. आठवीची पोरं त्यांना पाठीमागं ‘ताळाबाई’ म्हणायची, आणि हे बाईंना चांगलं ठाऊक होतं.

शाळा ताडकळसहून आत सात किलोमीटरवरच्या एका वाडीत. एप्रिल सरत आलेला, त्यामुळे सकाळची शाळा. साडेसातलाच पत्रे तापायला लागले होते आणि व्हरांड्यातल्या माठाभोवती गांधीलमाश्या घिरट्या घालत होत्या. आठवीचा वार्षिक परीक्षेचा गणिताचा पेपर. प्रश्न आणि उत्तरं एकाच पुस्तिकेत. बाईंनी पाकीट फोडलं, पुस्तिका मोजल्या. वीस. पटावरही वीस.

त्यातलं विसावं नाव शिवकन्येचं. सटवाजी मेंढक्याची ही पोर. तिची मोजायची तऱ्हा निराळी होती. मेंढरं जशी विसा-विसांनी मोजतात तसं ती सगळंच मोजायची. एक ईस भरली की कागदाच्या कडेला एक टिंब. बाईंनी आधी रागावून पाहिलं, पण पोरीचं उत्तर कधी चुकायचं नाही, तेव्हा नाद सोडला. आठवीच्या पहिल्याच दिवशी तिनं वर्गावरून नजर फिरवली आणि म्हणाली होती, “बाई, आपला वर्ग म्हंजे बरुबर एक ईस.”

दिवाळीनंतर सटवाजी कळप घेऊन जिंतूरच्या डोंगराकडे निघाला, तेव्हा ती मुद्दाम शाळेत आली होती. “परीक्षेला येते बाई. माझी जागा ठिवा.”

“ठेवते,” बाई म्हणाल्या होत्या.

जागा ठेवली ती भलत्याच प्रकारे. पट विसाच्या खाली गेला तर आठवीचा शिक्षक जातो, म्हणजे बाईच जातात. मुख्याध्यापक आबासाहेबांनी सुचवलं आणि बाईंनी त्या पोरीची रोज हजेरी मांडली. पहिल्या आठवड्यात हात अडखळला, मग सवय झाली. याची लाज त्यांना वाटायची, नाही असं नाही. पण लाज वाटूनही हात चालतो, हे त्यांना याच वर्षी कळलं.

“मॅडम,” पेपर वाटायच्या आधी आबासाहेब दाराशी येऊन हळूच म्हणाले, “तेवढा सटवाजीच्या पोरीचा पेपर तुमीच लिहून टाका. पासापुरता.”

“मी नाही लिहिणार, सर. आली नाही तर गैरहजर.”

“हजेरीला हजर आन् पेपराला गैरहजर?” आबासाहेब हसले. “मग तुमचा ताळा कसा लागंल?”

बाईंनी पुस्तिकांचा गठ्ठा उचलला. वर्गात जाऊन त्यांनी प्रत्येकापुढे पुस्तिका ठेवली. तिसऱ्या बाकावर साक्षीशेजारची जागा रिकामी होती. तिथंही एक पालथी ठेवली. शब्द दिला होता म्हणून.

पेपर शांतपणे पार पडला. जरा जास्तच शांतपणे. एरवी पप्पू तरी पाणी प्यायला तीनदा उठायचा. आज कुणी मान वर केली नाही. साक्षी बाकाच्या अगदी टोकाला अंग चोरून बसली होती, तिचा अर्धा पाय बाहेर लोंबत होता.

“अगं, नीट बस की. एवढी जागा पडलीय.”

“बसले की बाई,” साक्षी वर न बघता म्हणाली. “दोघी हाव ना.”

बाईंना वाटलं, दप्तराबद्दल बोलते आहे. पण दप्तरं सगळी बाहेर व्हरांड्यात होती. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा घंटा झाली होती आणि पोरं खिचडीकडे पळाली होती.

त्यांनी पुस्तिका गोळा करून मोजल्या. वीस. एक कोरी असायला हवी होती. त्यांनी परत चाळल्या. एकही कोरी नव्हती.

विसावीवर शिवकन्येचं नाव होतं. अक्षर तिचंच, शिरोरेघ थोडी उतरती. आत कडेकडेनं पेन्सिलीची टिंबं होती. बाईंनी पान खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. मग त्यांना राग आला, आणि रागानं बरं वाटलं, कारण रागाला धरायला माणूस असतो. आबासाहेबांनीच लिहून आत सरकवला असणार. पण आबासाहेबांना टिंबांची गोष्ट माहीत नव्हती. ती बाईंनी कुणालाच सांगितली नव्हती. आणि वीस पुस्तिकांतली एकही बाईंच्या नजरेआड झाली नव्हती.

पानांच्या मधल्या शिवणीत काळ्या लोकरीचा एक धागा अडकला होता. तो त्यांनी चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकला आणि लाल पेन घेऊन बाकीचे पेपर तपासायला बसल्या. हाताला काम दिलं की डोकं ताळ्यावर येतं, असा त्यांचा अनुभव होता.

शेवटचा प्रश्न वयाचा होता. आईचं वय मुलीच्या वयाच्या दुपटीहून सहानं जास्त, दोघींच्या वयांची बेरीज अठ्ठेचाळीस, तर मुलीचं वय किती? सोपं गणित. अठ्ठेचाळिसातून सहा गेले बेचाळीस, त्याला तिनानं भागायचं. चौदा.

पप्पूनं अठरा लिहिलं होतं. पप्पूच तो, बाईंना नवल वाटलं नाही. मग पुढच्या पोरानं अठरा. त्याच्या पुढच्या पोरीनं अठरा. मांडणी बरोबर, वजाबाकी बरोबर, बेचाळीस भागिले तीनपर्यंत सगळं बरोबर आणि शेवटी अठरा. वर्गात पहिल्या येणाऱ्या साक्षीचंही अठरा. एकोणीसच्या एकोणीस जणांनी ताळ्याची ओळ मोकळी सोडली होती.

बाईंनी ताटली धुऊन परतणाऱ्या साक्षीला हाक मारली. “हे उत्तर कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी न्हाई, बाई.”

“बेचाळीस भागिले तीन किती?”

“अठरा.”

“पाढा म्हण बघू.”

साक्षीनं हात मागं बांधले. “अठरा एके अठरा, अठरा दुणे छत्तीस, अठरा त्रिक बेचाळीस.” पुढं ती बिनचूक म्हणत गेली. अठरा चोक बहात्तर, अठरा पाचा नव्वद. व्हरांड्यात बसलेल्या पोरांनीही तिच्या सुरात सूर मिळवला होता. कुणी हसत नव्हतं.

बाईंनी शिवकन्येची पुस्तिका उघडली. शेवटच्या प्रश्नाच्या कडेला अठ्ठेचाळिसाची दोन टिंबं आणि आठ बारक्या रेघा. खाली, सगळ्या वर्गात एकटीचं, चौदा. आणि ताळा: मुलगी चौदा, आई चौतीस, मिळून अठ्ठेचाळीस. त्याखाली रेघ, आणि रेघेखाली लिहिलेलं, ‘बाई, जुळलं.’

बाई उठल्या आणि भर उन्हात गावाच्या टोकाला भागुबाईंकडे गेल्या. भागुबाई म्हणजे शिवकन्येची आजी. गुडघ्यांमुळे तिला आता कळपामागं जाता येत नव्हतं. ती दारात ज्वारी निवडत बसली होती.

“आजी, शिवकन्या आलीय का गावात?”

“न्हाई की. ती तिकडं चारठाण्याकडं हाय, बापाबरुबर.” म्हातारीनं सूप खाली ठेवलं. “परवा लगीन हाय तिचं. तुमाला न्हाई म्हाईत?”

“लग्न? अहो, तिचं वय...” बाई थांबल्या. आकडा तोंडात आलाच नाही. ओळखीच्या माणसाचं नाव विसरावं, तसं झालं.

“वयाचं झालं की समदं. गिरामसेवक इचारायला आलता, त्येला दाखला दावला. तुमच्याच शाळेचा.” म्हातारी आत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून झेरॉक्स घेऊन आली. “तुमचीच तर सही हाय. पोरगी म्हणली, बाईंनी सही केली न्हवं, मग काय बोलायचं. दोन दिस जेवली न्हाई. मग जेवली.”

शाळा सोडल्याचा दाखला. जन्मतारीख चार वर्षं मागं सारलेली. खाली आबासाहेबांची सही, आणि तिच्या शेजारी ‘वर्गशिक्षक’ या शब्दावर बाईंची. वळणदार, घाईत केलेली.

फेब्रुवारीत शिष्यवृत्तीच्या अर्जांचा गठ्ठा आला होता. आबासाहेबांनी कागद उलटत नेले आणि बाईंनी फक्त खालची रेघ बघत सह्या केल्या. आयुष्यात एकदाच ताळा न करता. मोजून तेवढंच हवं होतं आबासाहेबांना.

परत येईपर्यंत पोरं पांगली होती. आबासाहेब ऑफिसात पंख्याखाली बसले होते. बाईंनी झेरॉक्स टेबलावर ठेवला.

“सटवाजीनं पाय धरले, मॅडम,” ते कागदाकडे न बघता म्हणाले. “रानात पालावर तरणी पोर. बापाला झोप यीना. काय करायचं मानसानं?”

“माझ्याकडून फसवून सही घेतलीत.”

“फसवून? कागद तुमच्यासमोर व्हता. तुमी वाचला न्हाई.”

“आणि दाखला दिला, तर पटावर नाव कसं राहिलं?”

“नाव काढलं असतं तर पट मोडला असता. कुनासाठी ठिवलं ते?” आबासाहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. “तुमच्यासाठीच की. तुमाला लय चांगलं म्हाईत हाय.”

नऊ वर्षं बाईंनी या माणसाबरोबर एका डब्यातली भाकरी खाल्ली होती. आपला विश्वासघात झाला, हे त्यांना लख्ख कळत होतं. पण ओरडायला तोंड उघडावं, तर तिकडे पालावर दोन दिवस न जेवलेली पोर दिसत होती. तिनंही असाच कुणावर तरी विश्वास टाकला होता.

“मी कळवणार आहे, सर. सही माझी आहे, दाखला खोटा आहे, असं लिहून देणार.”

“पोराबाळांचा इचार करा.”

“एवढंच सांगा. बेचाळीस भागिले तीन?”

आबासाहेबांनी भुवया उंचावल्या. “अठरा. का वं?”

बाई वर्गात आल्या. दार लावलं. फळ्यावर बेचाळीस रेघा मारल्या आणि तीन-तीनचे गट पाडत गेल्या. गट मोजले. परत मोजले. दोन्ही खेपेला अठरा. मग फळा पुसून टाकला.

शिवकन्येची पुस्तिका उघडून समोर ठेवली. ती होती तोवर काळजी नव्हती. बघून वाचायचं, एवढंच. त्यांनी एक शून्य नऊ आठ लावला, बालविवाह कळवायचा चाइल्डलाइनचा नंबर.

पलीकडून एका स्त्रीचा आवाज आला, शांत, मन लावून ऐकणारा. बाईंनी गाव सांगितलं. पोरीचं नाव सांगितलं. परवाचं लग्न सांगितलं. आपलं नावही सांगितलं, हुद्द्यासकट. आवाज कापला नाही.

“मुलीचं वय सांगा, मॅडम.”

बाईंनी आकड्यावर बोट ठेवलं. एकावर एक बोट, चारावर दुसरं. दिसत होतं त्यांना.

“अठरा,” त्या म्हणाल्या.

“अठरा पूर्ण?”

“पूर्ण.”

पलीकडचा कीबोर्डचा आवाज थांबला. “मग मॅडम, आपली तक्रार नेमकी काय आहे?”

बाई सांगत राहिल्या. जे सांगत होत्या त्यात तेवढा एकच आकडा परत परत येत होता. कधीतरी फोन बंद झाला.

बाहेर ऊन तसंच होतं. तिसऱ्या बाकाची कुरकुर झाली, कुणी अवघडून बसलेलं उठावं तशी. दार लावलेलंच होतं.

त्यांनी खाली पाहिलं. लाल पेनाचं टोपण टेबलावर होतं आणि पेन त्यांच्या हातात.

चौदावर फुली होती. शाई अजून ओली होती. ‘बाई, जुळलं’ या ओळीवरून आडवी लाल रेघ गेली होती.

आणि खाली, गुणांच्या चौकटीशेजारी, वर्गशिक्षकाची सही. वळणदार, घाईत केलेली.