ढेकूण आणि शुद्धलेखन

“तुझी गाय ढेकर देते का रे?”

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. विज्ञान प्रदर्शनात ‘ब’ तुकडीतला तो उंच मुलगा आपल्या तक्त्याजवळ उभा आणि या तिघी खांबाआड, तोंडात रुमाल कोंबून! उत्तर मला माहीत होतं. घरच्या गोठ्यात सोळा गायी आहेत. गेल्या वर्षीची मी असते तर पळालेच असते. पण दहावीतली मी वेगळीच आहे!

तो हसला नाही. “देते ना. दीड मिनिटाला एक. त्यातल्या वायूने हवा तापते. म्हणून माझ्या आईने एका कालवडीची जनुकं जन्माआधीच बदलली. ती निम्मेच ढेकर देईल.” आई त्याची संशोधन केंद्रात डॉक्टर.

“पण तू तर तक्त्यावर ‘कमी ढेकूण देणारी गाय’ लिहिलंयस!”

त्याने वळून पाहिलं. कान लालबुंद... “सकाळपासून एवढ्या जणांनी वाचलं. कुणीच बोललं नाही!”

“मी बोलले ना.” मी पेन काढून ‘कूण’चं ‘कर’ केलं. बोटाला बोट लागलं — चुकून. म्हणजे, माझ्याकडून तरी चुकून.

मग रोज मधली सुट्टी आमचीच.

“ए ढेकूण!”

“काय गं, शुद्धलेखन?”

शुक्रवारी मात्र त्याने डबाच उघडला नाही. “आम्ही जाणार बहुतेक. कालवड साध्या गोठ्यात ठेवून बघायचीय, पण इथे कुणी तयार नाही. आई दुसऱ्या गावी विचारतेय.”

“माझ्या बाबांना विचारलं?”

“सगळ्यात आधी. ‘असलं बनवलेलं जनावर माझ्या दारात नको,’ म्हणाले.” तो डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिला. “ढेकर काय, कुठेही मोजता येतील. पण शुद्धलेखन...”

मी त्याच्या हातातला डबा घेऊन उघडला आणि त्याच्यापुढे सरकवला.

घरी आले तेव्हा बाबा धार काढत होते, आई कॅन विसळत होती. दप्तरही न उतरवता मी मधोमध उभी राहिले.

“बाबा, उन्हाळा वाढतोय, दूध आटतंय म्हणून तुम्हीच कुरकुरता ना? मग कुणीतरी त्यावर काही करतंय, तर आपण दार लावायचं? शेवटचा खुंटा रिकामा आहे. तिथे डॉक्टरबाईंची कालवड येणार. तिचा चारा, शेण, सगळं मी बघणार. मी ठरवलंय.”

धारेचा आवाज थांबला. आमच्या म्हाताऱ्या गायीने तेवढ्यात मस्त ढेकर दिला.

“आणि आई... ढेकर मोजायला एक मुलगा येईल. रोज. तो मला आवडतो. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतेय!”