डुलणारी रेघ

सासूला तोंड बंद ठेवायला सांगणारी सून हौसाक्कांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. ती बघायला चंद्रावर यावं लागलं.

"आत्याबाई, आज दुपारभर आवाज नको," विशाखा सकाळीच बजावून गेली होती. "भांडं आपटू नका, बोलू तर अजिबात नका. भिंतीपलीकडे कोरणी चालू आहे." एवढं बोलून ती थांबलीसुद्धा नाही. कराडकडच्या अख्ख्या भावकीची भांडणं जिच्या ओट्यावर मिटली, त्या बाईला म्हणे गप्प बस!

भिंतीपलीकडे खडकात खोदलेली कोरणशाळा होती आणि विशाखा तिथली मुख्य तंत्रज्ञ. ही शाळा चंद्रावरच का, हे तिनं सासूला मागेच सांगितलं होतं. इलेक्ट्रॉन-लेखणीला निर्वात लागतो, तो इथं फुकट मिळतो. आणि इथली जमीन पृथ्वीसारखी सतत थरथरत नाही.

"पण कोरता काय एवढं?" हौसाक्कांनी तेव्हा विचारलं होतं.

"जहाजाची आठवण, म्हणजे त्याला लागणारी सगळी माहिती. चुंबकी साठा वाटेतल्या किरणांनी पुसला जातो, म्हणून धातूची चकती. काचेच्या थाळीवर पातळ लेप द्यायचा. लेखणी त्यावर खळगे पाडत जाते, आतून बाहेर, एकाच वेटोळ्या रेघेत. मग त्यावर निकेल चढवायचं आणि सोलून काढायचं. त्या पहिल्या पत्र्याला आम्ही बाप म्हणतो. बापावरून आई, आईवरून शिक्का, आणि शिक्क्यावरून चकत्या."

"आणि काच?"

"सोलताना तिचा लेप फाटतो. ती संपली."

"म्हणजे सोसलं तिनं, आणि नाव बापाचं," हौसाक्का म्हणाल्या होत्या.

जहाज दूरच्या ताऱ्याकडे निघणार होतं आणि त्यात त्यांची नात होती, रेवती. जाणाऱ्या प्रत्येकासाठी घरच्यांना चकतीवर एक मिनिट बोलायची मुभा होती. हौसाक्का बोलल्या नाहीत. कारण पाया पडताना रेवती म्हणाली होती, "जाते, आजी."

त्यांच्या घरात हा शब्द कुणी उंबऱ्यावर उच्चारला नव्हता. 'येते' म्हणायचं, आणि थोरल्यानं म्हणायचं 'ये'. "खोटं कसं बोलू आजी? ते जहाज परत येणारच नाही," पोरगी डोळे पुसत म्हणाली, आणि हौसाक्कांचा 'ये' घशातच राहिला. पुढे मुदत संपली, मजकूर मोहरबंद झाला. आता त्यात एक अक्षर वाढवायची सोय नव्हती. रेवती केव्हाच जहाजावर पोचली होती. चकती घेऊन जहाजाकडे जाणारी शेवटची फेरी उद्या सुटायची होती.

कोरणी सुरू झाली तसं हौसाक्कांनी घुमटशेतीतल्या ज्वारीचं पीठ दुधात भिजवलं. दशम्या. कुणासाठी, ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही. पहिली दशमी थापताना हात हळू होता. दुसरीला सुनेचा सकाळचा आवाज आठवला आणि हात जोरात पडला.

"गप्प बस म्हणे! माझ्या चुलीपाशी मीच गप्प?" आणि एकदा तोंड उघडल्यावर ते सुनेपाशी थोडंच थांबतंय? "आणि तू गं भवाने? जाते म्हणतीस? केसाला तेल लाव. शिळं खाऊ नको. कुणी बोललं तर ऐकून घेऊ नको, आपल्यात ऐकून घ्यायची रीत न्हाई..." थाप, थाप. मग बराच वेळ नुसतीच थाप. मग अगदी हळू, भिंतीला टेकून, "ये गं बाई. ये."

संध्याकाळी विशाखा तपासनीस नाबरांना घेऊन घरी आली. नाबरांचा चेहरा पडलेला.

"रेघ डुलते आहे," ते म्हणाले. "सरळ जायच्या जागी डावी-उजवीकडे झुलते. कोरताना काचेखालचं मेज हललं आहे. काच गेली, बाप सोलून झाला."

हौसाक्का पाटावरून उठल्या. "माझ्यामुळं झालं. मी बोलले. पोरीच्या जहाजाचं काय हो आता?"

"निर्वातातून आवाज जात नाही, आक्का."

"खडकातून जातो," विशाखा शांतपणे म्हणाली. "भिंतीतून खडकात, खडकातून मेजात."

"मेजाखाली हादरे पिणाऱ्या गाद्या आहेत!" नाबर म्हणाले आणि मध्येच थांबले. "स्वयंपाकघराच्या बाजूची गादी जागेवर नव्हती. मला वाटलं सरकली."

"मी काढली. डोल किती येईल तेही मोजलं होतं. वाचकयंत्र रेघ डुलली तरी तिच्या मागे मागे जातं, मजकुराचं एक अक्षर बिघडत नाही. पण मागे जाताना त्याला जे डावं-उजवं व्हावं लागतं, ते ज्या वेगानं कोरलं त्याच वेगानं ऐकलं तर..." तिनं हातातल्या यंत्राची कळ दाबली.

आधी थाप ऐकू आली. मग रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसा खरखरीत आवाज. "...शिळं खाऊ नको..."

नाबरांनी टोपी काढली.

"मजकूर मोहरबंद आहे," विशाखा म्हणाली. "डोल म्हणजे मजकूर नव्हे. रेवू म्हणाली होती, आई, आजीचा 'ये' काहीही करून आण. 'बोला' म्हटलं असतं तर तुम्ही बोलला नसता, आत्याबाई. पण तुम्हाला न विचारता धाडणार नाही. गादी लावून कालच दुसरी काच कोरली आहे, सरळ रेघेची. कुठली पाठवायची, ते तुम्ही सांगा."

यंत्र चालूच होतं. बराच वेळ नुसती थाप आली, आणि मग अगदी हळू तो शब्द, दोनदा.

हौसाक्कांनी पदरानं हात पुसले, मग डोळे. सुनेकडे नीट पाहिलं. हिचीही पोटची पोर चालली होती, आणि ही इतके दिवस दुसऱ्याचा शब्द गोळा करत बसली होती.

"लबाड आहेस," त्या म्हणाल्या. "गप्प बस म्हटलं की ही बोलणार, एवढी ओळखलीस मला. माझ्या पोरालाही नाही जमलं ते. डुलणारीच पाठव. आणि ह्या दशम्याही बांध तिच्याबरोबर. सरळ रेघेत चालणारी बाई आपल्या घरात तशीही कुणी नाही, तूसुद्धा नाहीस."