साइड देणारी सावली

शनिवारची संध्याकाळ होती. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या, चरवीत धारा वाजत होत्या आणि फेसाळ दुधाचे पेले हातोहात फिरत होते. इथवरचं सगळं कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. नवीन होतं ते कट्ट्याच्या दगडावर. जनुभाऊ चौगुल्यांनी आपली डबी तिथं ठेवली होती आणि तिच्यातून परातीएवढं उजेडाचं रिंगण उमटलं होतं. त्यात बोटाच्या पेराएवढ्या मोटारी घोंगावत पळत होत्या. मधूनच म्हैस शेपटी हाणायची, शेपटी मोटारींतून आरपार जायची, आणि मोटारींना त्याचं काही सुखदुःख नसायचं.

कागलच्या पुढच्या माळावर स्टॉक कारचं खरं रिंगण झालं, त्याला आता बरीच वर्षं लोटली होती. ही गाडी वरून तुमच्या-आमच्या दारातल्या मोटारीसारखीच दिसते, पण आत लोखंडी पिंजरा आणि राक्षसी इंजिन. लंबगोल रस्ता, सगळी वळणं डावी, आणि चाळीसेक गाड्या दाराला दार घासत एकमेकींच्या उरावर बसलेल्या. कुस्तीवर पोसलेल्या गावाला हा खेळ आवडला नसता तरच नवल.

त्यातून निघाला मनसंघ. येत्या शर्यतीसाठी आपल्या मनाचे पाच चालक निवडायचे. ते जसे धावतील तसे आपल्याला गुण. प्रत्येक चालकाला एक भार असतो. ज्याला जास्त लोक निवडतील त्याचा भार वाढतो, आणि पाचांचा मिळून ठरलेल्या भाराबाहेर जाता येत नाही. निवडताना मदतीला सावल्या. चालकाच्या शिरस्त्राणात बारीक जाळी बसवलेली असते. नजर कुठं गेली, मूठ कधी आवळली, श्वास कुठं रोखला, ते सगळं ती टिपते, आणि त्यातून त्या चालकाची सावली घडते. ती पडद्याआड अगदी त्याच्यासारखीच गाडी हाकते. लाखो लोक घरबसल्या या सावल्या पळवून आपले गडी पारखायचे. सावली कशी पळते ते दिसायचं. का पळते, हे तिला विचारायची सोय मात्र नव्हती.

सर्जेराव शिंत्रे मास्तरांनी चार गडी निवडले होते. शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेला माणूस. हातातला पेला तसाच धरून ते पाचव्यासाठी डोकं खाजवत होते.

"मास्तर, उरलेल्या भारात एकच गडी बसतोय," जनुभाऊ मिशीतल्या मिशीत हसले. "तुमची लेक, जिजा! आता काय, फुकटातच पडल्यात जमा हाय ती. उन्हं कलली की तिसऱ्या वळणावर भिऊन बाहेर सरकती, म्हणून कुणी घेईना झालंय."

"जनुभाऊ, जिभेला काही हाड?" मास्तर तडकले.

"मी न्हाई म्हणत वं. अख्खा मुलूख म्हणतोय."

किटली घेऊन उभ्या असलेल्या मालनबाई मध्ये पडल्या. "अवं, तिला हात लावू नका हं! ठरलंय आपलं."

ठरलं होतं खरं. पोरगी पहिल्यांदा रिंगणात उतरली तेव्हाच मालनबाईंनी नवऱ्याकडून वचन घेतलं होतं. घरचं माणूस निवडायचं नाही, त्याची सावली उघडायची नाही. आपल्या लेकराकडं आपणच टक लावून बघितलं की दृष्ट लागते, आणि आईबापाची दृष्ट सगळ्यांत वाईट. मास्तर शास्त्र मानणारे, पण या एका बाबतीत त्यांनी बायकोपुढं मान तुकवली होती. परमुलखातली माणसं रोज जिजाची सावली पळवत होती. बापानं ती एकदाही पाहिली नव्हती.

पण 'भिऊन' हा शब्द त्यांच्या जिव्हारी लागला. उद्या हंगामातली शेवटची शर्यत. जिजा पहिल्या दहांत आली तर गाडी तिच्याकडं राहणार, नाही तर मालक दुसरा चालक बघणार. आणि गाव तिला भित्री म्हणतंय!

"बघू तर खरं," ते म्हणाले, आणि मालनबाई "अवं, अवं" म्हणेपर्यंत जिजाची सावली रिंगणात उतरलीसुद्धा.

बाकीच्या गाड्या तिला मागं टाकताना बघायची त्यांची छाती होईना. "जनुभाऊ, बाकीच्यांना काढा. रिंगण रिकामं करा."

"एकटी पळवून काय कळणार? गडी पारखता बी येत न्हाई."

"करा हो!"

रिकाम्या रिंगणात जिजाची पिवळी गाडी एकटीच धावू लागली. काय धावत होती! मास्तरांचा ऊर भरून आला. एकेक वळण एका फटकाऱ्यात काढल्यासारखं. डबीतला सूर्य हळूहळू कलला, प्रेक्षकांच्या मांडवाचे खांब रस्त्यावर सावल्या टाकू लागले, आणि तिसऱ्या वळणाआधी पिवळी गाडी अलगद बाहेरच्या अंगाला सरकली. क्षणभर तिथं राहिली. परत आत आली.

"बघा," जनुभाऊ म्हणाले, "पुढं कुणी न्हाई, मागं कुणी न्हाई, तरी भ्याली."

मास्तर रिंगणावर वाकले. "आतापर्यंत ही सावली लोकांनी जेवढ्या वेळा पळवली, त्या सगळ्या रेघा एकावर एक काढता येतील?"

जनुभाऊंनी डबीला सांगितलं. उजेडाच्या असंख्य रेघा दगडावर उतरल्या आणि तिसऱ्या वळणाआधी सगळ्यांना एकच फुगवटा आला. मास्तरांनी डोळ्यांवरचा चष्मा पुसला. भ्यालेल्या पोराची रेघ त्यांनी जन्मभर पाहिली होती. ती थरथरते, अडखळते, दोनदा गिरवली जाते. या रेघेत थरकाप नव्हता. ती शांत होती, समजून-उमजून काढल्यासारखी.

"आता गाड्या घाला. अगदी खेटून."

गाड्या आल्या. पिवळी गाडी प्रत्येक वेळी आधीच बाहेर सरकली, मागच्यांना वाट मोकळी करून दिली, आणि मग... मग तिचं सुकाणूचं चाक निश्चल झालं. एका श्वासापुरती ती गाडी कुणीच हाकत नव्हतं. गाड्या बाजूनं सुसाट निघून गेल्या. कुणाला धक्का नाही.

"आईशप्पथ," जनुभाऊ पुटपुटले, "ही तर साइड देती."

मालनबाईंच्या हातातली किटली दगडावर टेकली. तो आवाज ऐकला मात्र, आणि कितीतरी वर्षांपूर्वीची संध्याकाळ मास्तरांपुढं उभी राहिली.

हाच कट्टा. हीच वेळ. पलीकडच्या कुंपणाच्या गजांतून कलतं ऊन चमचमत यायचं. चिमुरडी जिजा दोन्ही हातांत पेला धरून दूध आणायची, आणि मधेच पेला दगडावर नीट ठेवायची. मग उभ्या जागी थांबायची. डोळे उघडे, नजर कुठंच नाही. क्षणभरानं पेला उचलायची आणि चालू लागायची. दुधाचा एक थेंब कधी सांडला नाही. 'तंद्रीच लागते बाई हिला,' म्हणून दोघं कौतुकानं हसायचे. पुढं ती मोठी झाली, तंद्री गेली. निदान त्यांना तसं वाटलं.

"मालन, आठवतंय?" मास्तर बायकोकडं वळले. "आधी पेला ठेवायची. मग थांबायची."

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. जे लाखो डोळ्यांपुढं रोज नाचत होतं, ते ओळखणारी माणसं जगात दोनच होती, आणि त्या दोघांनीच डोळे मिटून घेतले होते.

जनुभाऊंनी डबी उचलून मास्तरांच्या हाती दिली. आपली गाडी काढली आणि दोघांना माळावर आणून सोडलं.

जिजा गाडीपाशीच होती. आईबाप असे अवेळी आलेले बघून तिनं हातातला पाना खाली ठेवला. "काय झालं? कोण आजारी हाय का?"

मास्तरांनी वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. एकही आठवेना. "जिजे, कलत्या उन्हात तिसऱ्या वळणावर काय होतं, सांग बघू."

"तुम्ही पण सुरू झाला का, आबा?" ती चिडली. "उद्या शेवटची शर्यत हाय. भित्री, भित्री! मी भीत न्हाई. मी सरळ जातो!" कोल्हापूरच्या पोरीसारखी ती 'येतो, जातो' असंच बोलायची.

"भित्री नाहीस तू. माहीत आहे मला. फक्त काय काय दिसतं तेवढं सांग."

"दुसरं वळण संपतं. खांबांतनं ऊन डोळ्यांवर चमकतं. मांडवावरनं वाट सांगणारा टेहळ्या कानात वरडतो, 'आत राहा'. मग..." ती थांबली. "मग चौथं वळण येतं."

"तिसरं?"

तिनं बोटांवर वळणं मोजली. आठवायचा पुन्हा प्रयत्न केला. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा राग ओसरला आणि तिथं काहीच उरलं नाही. मालनबाईंनी पुढं होऊन तिचा हात धरला.

मास्तरांनी जनुभाऊंची डबी गाडीच्या टपावर ठेवली. जिजानं स्वतःची सावली आजवर वेग मोजण्यापुरतीच पाहिली होती. आता ती त्या सावलीला एकटीला पळताना बघत होती. पिवळी गाडी बाहेर सरकली. तिचं चाक निश्चल झालं. परत आत आली. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा.

"मी कुठं गेलो होतो, आबा?"

मास्तरांनी तिला पेल्याची गोष्ट सांगितली. डॉक्टरांना याचं नाव ठाऊक असेल, औषधही असेल, हेही सांगितलं. उजेड लुकलुकला की काही मेंदूंत क्षणभर अंधार होतो, एवढं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. पण तो अंधार येण्याआधीच पेला खाली ठेवणारं, गाडी बाजूला घेणारं काय असतं, ते कुठं वाचलं नव्हतं.

"म्हणजे माझ्यामागं येणारे सगळे..." जिजा बोलता बोलता थांबली. मागच्याच महिन्यात त्या वळणावर तिच्या शेजारून अख्खा घोळका केसभर अंतरानं निघून गेला होता. त्यातलं कुणी आज नसतंही. तिनं दोन्ही तळहात पुढं धरले आणि दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे ती न्याहाळत राहिली.

"सांगितलं तर गाडी जाणार," ती म्हणाली.

"जाणार," मास्तर म्हणाले. खोटं बोलायची त्यांची इच्छा होती, पण जीभ वळली नाही. "ठरवायचं तूच, बाळ."

जिजा बराच वेळ गाडीच्या पिवळ्या पत्र्यावरून हात फिरवत राहिली. मग डोळे पुसले, शिरस्त्राण उचललं आणि मालकाच्या खोलीकडं चालू लागली. मालनबाई तिच्यामागं गेल्या. आत काय बोलणं झालं ते मास्तरांना ऐकू आलं नाही. भिंतीवरच्या फलकावरून उद्याच्या चालकांतलं एक नाव पुसलं गेलं, तेवढं मात्र त्यांनी पाहिलं.

त्यांनी डबी पुढ्यात ओढली. त्यांच्या मनसंघात पाचवी जागा अजून रिकामी होती. डबी म्हणाली, हा चालक धावणार नाही, गुण शून्य मिळतील, तरी घ्यायचा का? मास्तरांनी जिजाला घेतलं. दृष्ट लागायची ती लागू दे.

जिजा बाहेर आली तेव्हा शिरस्त्राण तिच्या हातात नव्हतं. ती बापाला खेटून उभी राहिली. टपावर तिची सावली अजून धावत होती. उन्हं कलली, खांबांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या झाल्या, आणि पिवळ्या गाडीनं मागच्यांसाठी अलगद वाट मोकळी केली. माळावरचा वारासुद्धा त्या दोघांना जाणवत नव्हता.

"आबा," ती हळूच म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला न्हाई, आईला न्हाई. मग इतकी वर्षं चाक कोण फिरवत होतं?"