कालवड देणाऱ्याचं नाव

"डाव्या कानाला हात लावलास तर बघ."

तिंपियान पाण्याचा कॅन पाठीवर घेऊन गुरं अडकवायच्या खोड्याजवळून चालली होती, इतकंच. थांबायचं तिच्या मनातही नव्हतं. पण कोण कुठला नैरोबीचा पोरगा तिच्या सांपू कालवडीच्या डाव्या कानात पिवळा बिल्ला ठोकायला निघालेला, आणि त्याच कानावर तिच्या कुळाची खाच. ती खाच कुणी झाकतं का? बाबा तिथेच होते, गुराखी तिथेच होते, आणि सगळे ढिम्म.

पोरानं पक्कड खाली घेतली. "मग उजवा?"

"उजवा. डोळे काय नैरोबीला ठेवून आलास?"

"आणलेत ना," तो म्हणाला. "आत्ता कुठे कामाला लागले…" आणि तिच्याकडे बघतच राहिला. शेवटी कालवडीनंच त्याला लाथ घातली. बरी घातली.

त्याचं नाव किमेऊ. कांबा जमातीचा, मासाई नव्हे; गुरांचा डॉक्टर, एका प्रयोगशाळेच्या कामावर आलेला. गोचीड चावून जो ताप वासरांना मारतो, त्या ओल्तिकानाची नवी लस घेऊन आला होता. आता दर आठवड्याला तो रक्त काढायला यायचा, आणि दर आठवड्याला तिंपियानला खोड्याजवळ काहीतरी काम निघायचंच. भांडायला माणूस लागतो, नाही का?

"सुईत असतं तरी काय?" तिनं एकदा विचारलं.

"त्या रोगाच्या जंतूचा अंगरखा. म्हणजे त्याच्या अंगावरचं वरचं प्रथिन. वासराला आधी नुसता अंगरखा दाखवून ठेवायचा. खरा चोर आला की ते ओळखतं."

"आणि रक्त कशाला काढतोस?"

"अंगरखा ओळखीचा झाला की रक्तात कळतं."

"म्हणजे चोराचे कपडे घेऊन गावोगाव फिरतोस. धंदा बरा आहे."

"कपड्यांवरूनच ओळखावं लागतं. तू ही लाल शुका पांघरून टेकडीवर आलीस की मला लांबूनच कळतं…"

"आणि ताप चढतो?"

"चढतो," तो म्हणाला, आणि बाटलीवर चिठ्ठी उलटी चिकटवली. त्या दिवशी तिनं त्याच्या चहात चमचाभर साखर जास्तच टाकली. नोलारी आत्यानं ते बघितलं आणि साखरेचा डबा उचलून आत ठेवला.

सांपू ही आत्यानंच दिलेली. मासाई माणूस ज्याला कालवड देतो, त्याला पुढे नावानं हाक मारत नाही. देणारा आणि घेणारा, दोघंही एकमेकांना मरेपर्यंत 'पाशे' म्हणतात. नवी नवरी सासरच्या दारात अडून बसते, तिला कालवड कबूल करतात, तेव्हा कुठे ती आत पाऊल टाकते, आणि देणारा तिचा पाशे होतो. किमेऊला यातलं काय ठाऊक? तिंपियान आत्याला पाशे म्हणते, एवढं त्यानं ऐकलेलं. त्याला वाटलं, बाईचं नावच ते. एक दिवस भर अंगणात म्हणाला, "पाशेमावशी, थोडा चहा मिळेल?"

बायका हसून हसून बेजार झाल्या. आत्यानं डोळे पुसले. "अरे बाबा, तू मला कालवड कधी दिलीस? की देणार आहेस, आणि कुणाला?"

मग त्याला सगळं समजावलं. तो कानापर्यंत लाजला. तिंपियान हसली नाही. तिला तो शब्द त्याच्या तोंडून आवडला होता, आणि आवडला याचाच राग आला होता.

पावसाचे दिवस सुरू झाले, गवत वर आलं आणि गोचीडही. सांपूच्या कानाखालची गाठ लिंबाएवढी सुजली. श्वास घरघरायला लागला, नाकातोंडातून फेस आला. किमेऊ चिखलातून मोटारसायकल ढकलत आला. त्यानं औषध टोचलं, रात्रभर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. उजाडता उजाडता सांपू गेली.

"तू टोचलं होतंस," तिंपियान म्हणाली. "मग मेली कशी?"

त्यानं मान खाली घातली. "अर्ध्या वासरांना लस असते. अर्ध्यांना… नुसतं पाणी. त्याशिवाय लस खरी की खोटी ते कळत नाही. कुणाला काय, ते मलाही माहीत नव्हतं. प्रयोगशाळेनं यादी उघडून आज फोनवर सांगितलं. सांपूला पाणी होतं."

"पाणी."

"मी आधी विचारलं होतं, तिंपियान. सगळं सांगून. बाबा हो म्हणाले."

"बाबा?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तेच वाईट होतं. "कालवड कुणाची? माझी. कान कुठला ते मला विचारलंस, जीव घ्यायचा तेव्हा बाबांना विचारलंस?"

"तिच्यासारख्या वासरांमुळेच कळलं, की लस चालते. यादीत लस असलेली बरीचशी जगली…"

"म्हणजे माझी मेली म्हणून तुझी जिंकली. जा. तोंड दाखवू नकोस."

तो गेला. बाबांना भरपाई मिळाली, बाबांनी त्यातून बोकड घेतला. तिंपियान त्या बोकडाकडे बघायचीसुद्धा नाही. तिला बाबांचा राग होता, प्रयोगशाळेचा होता, आणि रस्त्यावर कुठल्याही मोटारसायकलचा आवाज आला की कान टवकारणाऱ्या स्वतःचा तर सगळ्यात जास्त होता. "पाशे," आत्या म्हणायची, "कालवड मेली तरी नाव मरत नाही." त्यानंही तिला रागच यायचा.

मग एका दुपारी तो आला. मोटारसायकल नव्हती. दोरीला एक तांबडी कालवड, दोघंही धुळीनं माखलेले. बाबा दारातच उभे होते. त्यांना मान लववून तो थेट तिच्यापुढे आला.

"भरपाई असेल तर परत ने," ती म्हणाली.

"भरपाई बाबांना मिळाली. ही माझ्या आईच्या गोठ्यातली. माझी आहे."

"लस टोचायला आणलीस?"

"तू म्हणशील तर. नाही म्हणालीस तर नाही. तुला विचारायला आलोय." त्यानं दोरी पुढे केली. "घेशील का… हे विचारायला. बाबांना विचारलेलं नाही अजून. आधी तू."

कालवड घेतली तर काय होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही.

"मी अजून रागावलेली आहे," तिंपियान म्हणाली.

"माहीत आहे."

"हा राग जाणार नाही. सांपूचा तर कधीच जाणार नाही."

"जाऊ नको देऊस."

तिनं कालवडीचा डावा कान हातात घेऊन उलटसुलट बघितला. कोरा होता. मग त्याच्या हातातून दोरी हिसकावली, खुंट्याला करकचून बांधली, आणि पाठ फिरवून आत जाता जाता तशीच रागानं म्हणाली,

"चहा घेणार का, पाशे?"

आत्यानं त्याला मागून ढोसलं.

"घेतो," तो म्हणाला. "घेतो… पाशे."

"साखर मिळणार नाही."