जांभ्याचा धोंडा आणि बक्षिसाचा एडका

"ओढा आटला! देवीनं आखाड्याला जागा दिली रं!"

भल्या सकाळी आरोळी उठली आणि मेढ्याच्या वरची ती अख्खी वाडी ओढ्याकडं धावली. चार दिवस पाऊस कोसळत होता, काल कंबरभर पाणी होतं, आणि आज पात्रात नुसती ओली वाळू! बाया डबक्यातले मासे टोपल्यांनी उचलत होत्या. लालासाहेब पाटलांनी मिशीवर ताव देत हुकूम सोडला, "दरसाल खडकाळ माळावर कुस्त्या खेळून पोरांचं गुडघं फुटत्यात. औंदा जत्रेचं मैदान वाळूत! खणा हौद!"

पलूसहून दिवाळीच्या सुट्टीत मामाकडं आलेली विजयमाला तेवढी आभाळाकडं बघत होती. आज तिचा थोरला भाऊ जोतीराम पहिल्यांदाच जत्रेच्या मैदानात उतरणार होता.

"जिनपाल," ती भावाच्या सांगलीच्या मित्राला म्हणाली, "पाऊस पडतोय आणि ओढा आटतोय. मामा काल काय सांगत होता?"

हंबीरमामा म्हणजे लढाईत गिलगिटच्या बर्फाळ वाटेवर खेचरं हाकून आलेला हवालदार. त्याच्या गोष्टी ऐकायला वाडी जमायची, विश्वास कुणी ठेवायचं नाही!

"बर्फाची भिंत दरीला आडवी पडते," जिनपाल आठवून म्हणाला. "मागं पाणी तुंबतं. खाली नदी आटते, लोक खूश! मग भिंत फुटते आणि घराएवढे धोंडे गोट्यांसारखे वाहत येतात. पण विजू, इथं कुठला आलाय बर्फ?"

"हा धोंडा बघ!" विजयमाला काठावरच्या माळावर चढली आणि तिथल्या मोठ्या धोंड्यावर थाप मारून म्हणाली. "तांबडा, भोकाभोकांचा. जांभा आहे हा! इथं खाली सगळा काळा दगड. जांभा फक्त वर डोंगरमाथ्याच्या सड्यावर."

"भीमानं गोफणीनं फेकला म्हणतात."

"आणि भीमानं त्याचे कोपरेही घासले? हे बाकीचे गोटे बघ, सगळे एकाच बाजूला कललेत. आणि माळावर हे उंचवटे कसे ओळीनं, पन्हाळी पत्र्यासारखे! जिनपाल, इथून पाणी गेलंय. ओढ्यापासून एवढ्या उंचावरून!"

जिनपालनं मान वळवून वर दरीकडं पाहिलं. "म्हणजे बर्फ नसेना, दरड कोसळली तरी..."

पुढचं बोलायला दोघं थांबलीच नाहीत. काठाकाठानं, घसरत, ठेचकाळत मैलभर वर गेली आणि वळणावर खिळून उभी राहिली. अर्धा डोंगर दरीत उतरून बसला होता! मागं तांबडं तळं, त्यातून झाडांचे नुसते शेंडे वर आलेले. पाणी त्या मातीच्या बांधाच्या कडेला टेकलं होतं. पायथ्यातून गढूळ चिळकांड्या उडत होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत गाडीभर माती सुटली आणि धप्पकन खाली गेली.

"पळ!"

दोघं खाली पोचली तेव्हा हलगी कडाडत होती. शे-पाचशे माणसं वाळूत दाटीनं बसली होती. जोतीराम लंगोट कसून हौदात उतरला होता.

"आवं पाटील, बाहेर निघा! वर दरड कोसळलीय, पाणी तुंबलंय!" विजयमाला किंचाळली.

"भाची कुणाची?" पाटील गडगडून हसले. "हंबीरा, खेचरांनी कानात सांगितलं व्हय रं?"

"पाटील, पोरगी खोटं बोलत न्हाई," हंबीरमामा ओरडला, "उठा!"

मामा ओरडला म्हटल्यावर तर हशा दुप्पट झाला! विजयमालेच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यात तिला खुंटीला बांधलेला पहिल्या कुस्तीचा मानाचा एडका दिसला. शिंगं रंगवलेली, गळ्यात झेंडूची माळ.

"जिनपाल, तू हलगी घे. मी एडका!"

दावं सुटलं. हलगीवाल्याच्या हातातली हलगी हिसकावून जिनपाल माळाच्या चढाला लागला, बडवत, बोंबलत, "पाटील, तुमच्या जत्रेचा मान चालला सांगलीला!"

"धरा! धरा रं त्यास्नी!"

मग काय! लंगोट लावलेले पैलवान, फेटे सावरणारे म्हातारे, मासे टाकून बाया, सगळा गाव चढाला लागला. सगळ्यांच्या पुढं जोतीराम. "विजे, माझी कुस्ती घालवलीस!" मागं रेंगाळणाऱ्यांना हंबीरमामा काठीनं हाकत होता, अगदी खेचरं हाकावीत तसं.

विजयमाला जांभ्याच्या धोंड्यावर चढली. जोतीरामनं तिचा हात धरला, आणि पायाखालचा माळ थरथरला.

वळणावरून आधी वारा आला. मग पाणी नव्हे, तांबडी भिंतच आली! अख्खी झाडं उलटीपालटी होत होती, दगड दगडांवर आपटून गडगडत होते. हौद, मांडव, खुंटी, सगळं डोळ्याचं पातं लवेतो गेलं. या खेपेला पाणी माळाची कड चाटून थांबलं. जोतीरामनं बहिणीचा हात सोडला नाही, नुसता घट्ट आवळला.

दुपारी पाणी उतरलं. जिथं आखाडा होता, बरोबर तिथं बैलगाडीएवढा नवाकोरा जांभ्याचा धोंडा बसला होता!

पाटलांनी डोईचा फेटा काढून विजयमालेच्या डोक्यावर ठेवला. "पोरी, आजची मानाची कुस्ती तू मारलीस. एडका तुमचा."

"कापायचा नाही हं!" जिनपाल आधीच एडक्याच्या गळ्यात पडला होता.

"आन् हंबीरा," पाटील खाली बघत म्हणाले, "तुझं ते घराएवढं धोंडं... खरं हुतं रं गड्या."

"कुठलं खरं!" हंबीरमामा मान हलवत म्हणाला. "ते देवळाएवढं हुतं, शिखरासकट. तुमी इस्वास ठेवणार न्हाई, म्हणून घराएवढं सांगितलं!"

या वेळी हसलं मात्र कुणीच नाही.